लघुदृष्टी-नियंत्रक भिंगे

लघुदृष्टी म्हणजेच मायोपिया असलेल्या मुलांना लांबचे स्पष्ट दाखवतानाच चष्म्याचा उणे नंबर वाढण्याचा वेग कमी करणारी भिंगे. चढलेला नंबर ती उतरवत नाहीत आणि चष्माही सोडवत नाहीत. ही अपेक्षा ठेवून आलेल्या पालकांना हे पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजे.

लघुदृष्टीत बहुधा नेत्रगोल पुढून मागे प्रमाणाबाहेर लांब वाढतो आणि दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. लांबी १ मिमी. वाढली की नंबर साधारण अडीच ते तीन डायॉप्टरने (डायॉप्टर हे चष्म्याच्या नंबरचे एकक) वाढतो. साधे अंतर्गोल भिंग मधली प्रतिमा पटलावर आणते, परंतु कडेची प्रतिमा पटलाच्या मागे पडू शकते. अशी मागे पडणारी प्रतिमा वाढत्या डोळ्याला आणखी लांबण्यास प्रवृत्त करते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. म्हणून या भिंगांत मध्यभागी नेहमीचा नंबर ठेवून भोवती शेकडो सूक्ष्म भिंगिका बसवतात. त्यांतून जाणारा प्रकाश पटलाच्या अलीकडे एकवटतो आणि वाढ आवरती घेण्याचा संकेत डोळ्याला मिळतो. काच खिडकीच्या उजेडात तिरपी धरली, तर मध्यभागी स्वच्छ वर्तुळ आणि त्याभोवती मधाच्या पोळ्यासारखी बारीक ठिपक्यांची नक्षी दिसते. समोरच्याला मात्र तो चष्मा साधाच वाटतो.

हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठ आणि होया कंपनी यांनी विकसित केलेल्या भिंगात ९ मिमी. व्यासाच्या स्वच्छ मध्यभागाभोवती सुमारे ४०० भिंगिका असून त्या प्रत्येकीची शक्ती अधिक ३.५० डायॉप्टर आहे. ८ ते १३ वर्षांच्या मुलांवरील दोन वर्षांच्या चाचणीत नेत्रगोलाची लांबी साध्या भिंगाने सरासरी ०.५५ मिमी., तर या भिंगाने ०.२१ मिमी. वाढली. एसिलॉर कंपनीच्या भिंगात १,०२१ भिंगिका ११ वर्तुळांत मांडलेल्या आहेत. चीनमधील वेंचौ येथे झालेल्या त्याच्या चाचणीत, दिवसाला किमान १२ तास चष्मा लावणाऱ्या मुलांमध्ये साध्या भिंगाच्या तुलनेत नंबरवाढ दोन वर्षांत सरासरी ६७ टक्के कमी झाली.

तासांची ही अट खानदेशात विशेष महत्त्वाची आहे. ‘चष्मा सारखा लावला की नंबर वाढतो’ ही समजूत जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांतही ऐकू येते. मूल फळा वाचण्यापुरता चष्मा लावते आणि घरी आले की तो दप्तरात जातो. मुद्दाम कमी नंबर देण्यानेही लाभ होत नाही. मलेशियातील २००२ च्या एका अभ्यासात अशा मुलांचा नंबर उलट अधिक वेगाने वाढला होता. साध्या काचेच्या कित्येक पट पैसे मोजून घेतलेली ही काच दप्तरात राहिली, तर तो खर्च पूर्ण वाया जातो. बसवणीतही चूक चालत नाही. नंबर डोळ्यांत औषध घालून काढावा लागतो, आणि स्वच्छ मध्यभाग नेमका बाहुलीसमोर यावा लागतो. उन्हाळ्याच्या घामाने फ्रेम नाकावरून घसरली की मूल भलत्याच भागातून पाहू लागते. त्यामुळे यावल किंवा शहाद्याच्या मुलाचा चष्मा जिल्ह्याच्या गावी बनवला, तरी फ्रेम आवळून देणारा दुकानदार जवळ असणे गरजेचे ठरते.

रोज सुमारे दोन तास उघड्यावर खेळण्याने मुळात लघुदृष्टी सुरू होण्याचा धोका कमी होतो. तापीकाठच्या प्रदेशात उजेडाची वाण नाही, पण एप्रिल-मे महिन्यांत भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढत असल्याने हे तास सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर काढावे लागतात. डोळ्यांत घालायचे कमी तीव्रतेचे ॲट्रोपिन या औषधाचे थेंब हा नंबरवाढ मंदावण्याचा दुसरा उपाय असून काही मुलांना तो भिंगांच्या जोडीने देतात.

परिणाम तपासताना केवळ नंबर पाहणे अपुरे असते. दर सहा महिन्यांनी नेत्रगोलाची लांबी मोजणे उत्तम. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी कृत्रिम भिंगाची शक्ती ठरवण्यासाठी जे यंत्र वापरतात, त्याच यंत्रावर ही लांबी मोजता येते. आजोबांच्या मोतीबिंदूसाठी शहरातल्या दवाखान्यात निघालेल्या कुटुंबाने नातवालाही सोबत नेऊन तेथे तशी विचारणा करावी.