फसलेला राक्षस आणि फसवा राक्षस

गेल्या दिवाळीत भाचा आला बेळगावला, म्हणाला मामा आज एखादा भंगार राक्षसाचा पिक्चर लावूया की, रामसेवाला. रामसे म्हणजे हिंदीत भुताराक्षसांचे पिक्चर काढणारे सख्खे भाऊ. मी खूश. आणि लावलं काय तर वावटळीतनं शार्क उडत येतात तो २०१३ चा ‘शार्कनेडो’. म्हटलं अरे हा तसला नव्हे. तर म्हणतोय कसा, “दोन्ही एकच की मामा, पैसे नाहीत, राक्षस खोटा, बघायचं नि हसायचं, तू कशाला सिरियस होऊलालास?”

हेच वाक्य मी कॉलेजातल्या दोस्तांकडनं ऐकलंय, ऑफिसात ऐकलंय, टिळकवाडीत चहा पिताना अनोळखी माणसाकडनंपण ऐकलंय, आता कंटाळा आलाय म्हणून एकदाच लिहून टाकतो.

रामसे मंडळींचं फार सांगत बसत नाही, आपल्या वयाच्या सगळ्यांना पाठ आहे. १९७२ ला ‘दो गज़ ज़मीन के नीचे’, शूटिंग महाबळेश्वरात, कॅमेऱ्यापासनं डायरेक्शनपर्यंत सगळी कामं सख्ख्या भावांनी वाटून घेतलेली. मग १९८४ ला ‘पुराना मंदिर’ आणि त्यातला राक्षस सामरी. गणपतीत आरती झाली की गल्लीत भाड्याचा व्हीसीआर यायचा, सतरंजीवर आम्ही पोरं, आणि सामरी आला की पुढची रांग आपोआप मागं सरकायची. झालं, पुढं.

आधी दोन फालतू फरक उडवून टाकतो. रबराचा राक्षस की कॉम्प्युटरचा, यानं काही ठरत नाही. रबरी सूट दिसला की लोक लगेच ‘स्वस्तातलं काम’ म्हणतात, ते तर मला अजिबात सहन होत नाही. १९५४ च्या ‘गॉडझिला’त रबराच्या सूटमध्ये हारुओ नाकाजिमा नावाचा माणूस घामानं निथळत चालत होता, आणि तो पिक्चर त्या काळच्या जपानी हिशोबानं चांगला महागडा होता. दुसरं, ‘बी ग्रेड’. अमेरिकेत एका तिकिटात दोन पिक्चर दाखवायचे, त्यातला कमी खर्चाचा जोडपिक्चर म्हणजे बी. त्याचा अर्थ घाणेरडा असा नव्हता, ते आपण इकडं चिकटवलं.

आता खरा घोळ. फसलेला पिक्चर आणि फसवा पिक्चर. फसलेल्यात बनवणाऱ्याला तुम्हाला घाबरवायचं असतं पण खिसा पुरत नाही. फसव्यात तो आधीच ठरवून बसलेला असतो की तुम्ही हसणार, म्हणून वाईट करायलाच पैसे खर्च करतो. पडद्यावर दोन्ही सारखेच हास्यास्पद दिसतात आणि माणसं तिथंच गंडतात.

१९५३ चा ‘रोबॉट मॉन्स्टर’ घ्या. सोळा हजार डॉलरच्या आसपास खर्च, चार दिवसांत शूटिंग. रोबॉट करायला पैसे कुठले, मग गोरिलाचा सूट स्वतःच्या मालकीचा असलेल्या माणसाला बोलावलं आणि त्याच्या डोक्यावर पाणबुड्यासारखं हेल्मेट चढवलं. शेजारी साबणाचे फुगे सोडणारं मशीन, का ते विचारू नका. मी पोट धरून हसलोय. पण मधेच त्या गोरिलाला पेच पडतो, हुकूम आहे माणसं मारायचा आणि जीव बसलाय एका मुलीवर, आणि तो केसाळ हात हवेत हलवत एकटाच स्वतःशी बोलत राहतो, तेव्हा हसणं चालूच असतं पण घशात काहीतरी अडकतं. लिहिणाऱ्याला ते दुःख खरंच दाखवायचं होतं हो! ‘ब्राइड ऑफ द मॉन्स्टर’मध्ये (१९५५) रबरी ऑक्टोपसची मोटरच नाही, मग बिचाऱ्या नटानंच त्याचे पाय स्वतःभोवती गुंडाळून घेत आरडाओरडा करायचा. हसू येतं आणि कीवपण येते, दोन्ही एकदम. हा मिक्स माल फसव्या पिक्चरात मिळत नाही.

कारण तिथं सगळे सामील असतात. हिरो करवत घेऊन शार्कच्या पोटातनं बाहेर येतो आणि पिक्चर तुम्हाला कोपरानं ढोसतो, बघ किती येडपट आहे. पहिल्यांदा मजा येते, नाही म्हणत नाही. पण या ‘शार्कनेडो’चे सहा भाग काढले २०१८ पर्यंत, आणि एकच जोक सहा वेळा सांगणारा पाहुणा घरात असला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

ओळखायचं कसं? राक्षसाकडं बघूच नका. त्याच्या समोर उभ्या माणसाच्या तोंडाकडं बघा. तो खरंच घाबरलाय का? घाबरला असेल तर फसलेला, डोळा मारत असेल तर फसवा. विनोद असला म्हणून फसवा होत नाही हां, १९९० च्या ‘ट्रेमर्स’मध्ये माणसं सारखी जोक मारतात पण जमिनीखालच्या अळीला घाबरतात खरोखर.

भाच्याला हे पटेना, तेव्हा त्याला नरक चतुर्दशीच्या पहाटे बाहेर काढला. आमच्या गल्लीतल्या पोरांनी नरकासुर केलेला, बांबू, गवत, रद्दी, खळ. पंजा काही जमला नव्हता म्हणून बोटांना खराट्याच्या काड्या बांधल्या होत्या नखं म्हणून, एक डोळा खाली घसरलेला, आणि करणारी पोरं बाजूला उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याची तोंडं बघत होती, कोण घाबरतंय का. पलीकडच्या गल्लीत मोठा नरकासुर, गॉगल लावलेला, हातात पुठ्ठ्याचा मोबाईल, पुढं डीजे. सगळे त्याच्यासोबत सेल्फी काढूलालेत. आमच्याकडं आईच्या कडेवरचं एक पोर मात्र काड्यांची नखं बघून जे भोकाड पसरलं, ते जाळून संपेपर्यंत थांबलं नाही. नखंवाल्या पोराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आता फसलेले सगळे ग्रेट असंही नाही. निम्मे तर नुसते बोअर, कारण राक्षस उभा करायला पैसे लागतात आणि बडबड फुकट, म्हणून अर्धा पिक्चर लॅबमध्ये दोन म्हातारे बोलत बसतात. आणि रामसेंच्या पिक्चरातलं कॉमेडीचं लचांड मी अजूनही पुढं ढकलतो, त्यात माफी नाही.

भाचा यंदा परत येतोय. पेन ड्राइव्हवर दोन फोल्डर केलेत, नावं हीच दिलीत. जेवणाआधी फसवा चालेल, बोलत बोलत बघता येतो. सामरी मात्र रात्री अकरानंतर, लाईट बंद करून, आणि मोबाईल बाहेर कट्ट्यावर ठेवून यायचा.