कर्नल–यूजर मेमरी-कॉपी दोष

कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) मॉड्यूल आणि यूजर प्रोग्राम यांच्यात डेटा कॉपी होताना उद्भवणारे दोष व त्यांचे डीबगिंग. येथील विवेचन मुख्यतः लिनक्सला धरून आहे.

प्रोग्रामने दिलेला पॉइंटर (मेमरीतील पत्ता) चुकीचा, कर्नलच्याच हद्दीतला किंवा त्या क्षणी रॅममध्ये नसलेल्या पेजचा (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्याचा) असू शकतो. म्हणून त्यावर कर्नलने थेट हात घालायचा नसतो. यासाठीची स्वतंत्र फंक्शने युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत (१९७५) आढळतात. पीडीपी-११ या संगणकावर कर्नल व प्रोग्राम यांचे ॲड्रेस स्पेस वेगळे असल्याने त्यांवाचून गत्यंतरही नव्हते. इंटेल ३८६ वरील आरंभीच्या लिनक्सने एफएस या सेगमेंट रजिस्टरचा आधार घेतला. तेव्हा आधी पत्ता तपासून मग कॉपी करत. साधारणपणे १९९६ च्या सुमारास, २.१ मालिकेत, एक्सेप्शन टेबल आले: कॉपी करून टाकायची, पेज फॉल्ट (पत्त्यावरील पेज न सापडल्याने येणारा व्यत्यय) सावरता आला नाही तर टेबलात पाहून बाहेर पडायचे. युनिक्समधील ‘नोफॉल्ट’शी (फॉल्ट आल्यास ठरलेल्या जागी उडी घेण्याच्या सोयीशी) याचे साम्य आहे, पण तो थेट वारसा मानण्यापेक्षा समान गरजेचा परिणाम मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पत्त्याची हद्द तपासणे मात्र तेव्हाही सुटले नाही, ४.१३ मधील वेटआयडी सिस्टीम कॉलमध्ये ती तपासणी राहून गेल्याने गंभीर सुरक्षादोष (सीव्हीई-२०१७-५१२३) निर्माण झाला.

कॉपी_टू_यूजर व कॉपी_फ्रॉम_यूजर ही फंक्शने एरर कोड देत नाहीत. कॉपी न झालेल्या बाइटांची संख्या देतात. ड्रायव्हरच्या रीड फंक्शनने तीच संख्या जशीच्या तशी परत केली, तर ६४ बाइटांची कॉपी पूर्ण फसूनही प्रोग्रामला ६४ बाइट मिळाल्याचे दिसते. अशा वेळी उणे ईफॉल्ट (-१४), म्हणजे चुकीच्या पत्त्याचा एरर कोड, परत करणे अपेक्षित असते. प्रोग्रामचे सिस्टीम कॉल व त्यांची उत्तरे दाखवणाऱ्या एसट्रेस (strace) या साधनात परत आलेले मूल्य लगेच दिसते. कॉपी_फ्रॉम_यूजर अर्धवट फसल्यास कर्नलमधील बफरचा उरलेला भाग शून्यांनी भरला जातो. बफरच्या शेवटी अनपेक्षित शून्ये दिसली की प्रथम इकडे पाहावे.

x८६ वर ३२ बिटांच्या प्रोग्राममध्ये १२ बाइटांचे असलेले स्ट्रक्चर ६४ बिटांच्या कर्नलमध्ये १६ बाइटांचे ठरू शकते. ३२ बिटांच्या फील्डनंतर ६४ बिटांचे फील्ड आले की हे हमखास घडते, आणि कॉपी झालेला डेटा चुकीच्या जागी वाचला जातो.

प्रोग्रामचा पॉइंटर थेट डीरेफरन्स केलेला (कॉपी फंक्शनाविना त्या पत्त्यावरचा डेटा वाचणारा) कोड जुन्या x८६ प्रोसेसरांवर बिनबोभाट चालून जाई; एसएमएपी (कर्नलला यूजर मेमरी थेट वापरू न देणारी सोय) असलेल्या प्रोसेसरांवर तो ऊप्स (कर्नलमधील गंभीर चुकीचा संदेश) देतो. स्पार्स हे कोड तपासणारे साधन असा वापर कंपाइलच्या वेळीच दाखवते, तर केएसॅन (KASAN, कर्नल ॲड्रेस सॅनिटायझर) प्रत्यक्ष चालताना बफरच्या सीमेबाहेरची कॉपी पकडते.