गोव्यात पकडलेल्या फरारी परदेशी माणसाला सोपवायचं तर कोर्ट किती पुरावा मागतं?

हणजूण-मोरजीकडे कुणी परदेशी पकडला आणि तिकडे त्याच्या नावाने वॉरंट आहे असं कळलं की लोक म्हणतात, मग बसवा की विमानात. तसं होत नाही. व्हिसा संपला म्हणून हाकलणं म्हणजे डिपोर्टेशन, ते वेगळं. त्यांच्या सरकारने मागितला म्हणून सोपवणं हे प्रत्यार्पण, त्याला १९६२ चा कायदा लागतो.

अर्ज पोलिसांकडे येत नाही, दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयाकडे येतो, मग केंद्र सरकार मॅजिस्ट्रेटला चौकशी करायला सांगतं. त्या देशाशी करार असेल तर गुन्हा करारात बसायला हवा, नसेल तर निदान एक वर्ष कैदेची शिक्षा असलेला गुन्हा हवा. राजकीय गुन्हा असेल तर पाठवत नाहीत.

कागद म्हणजे वॉरंट, तिथलं कायद्याचं कलम, फोटो-बोटांचे ठसे (माणूस तोच आहे हे दाखवायला), साक्षीदारांचे जबाब. साक्षीदार स्वतः इथे येत नाहीत, म्हणून सगळा भार सही-शिक्क्यावर. जबाबावर तिथल्या जज किंवा अधिकाऱ्याची सही आणि वर सरकारी शिक्का असेल तर कलम १० खाली तो पुरावा म्हणून घेता येतो.

आता मुख्य गोष्ट, गुन्हा सिद्ध व्हायला लागत नाही. खटला चालवण्याइतकी प्रथमदर्शनी केस दिसते का एवढंच मॅजिस्ट्रेट बघतो, 'मी त्या दिवशी तिथे नव्हतोच' यावर तो सहसा निकाल देत बसत नाही, ते तिथल्या कोर्टात सांगायचं. पण गुन्हा राजकीय आहे किंवा कायद्यात बसतच नाही, असा पुरावा आरोपी इथेही देऊ शकतो. सुप्रीम कोर्टाने सरबजीत रिक सिंग केसमध्ये हेच म्हटलंय की ही चौकशी आहे, खटला नाही. केस दिसली नाही तर मॅजिस्ट्रेट त्याला सोडून देतो.

आपण मागतो तेव्हाही हेच ऐकावं लागतं. एकेकाळी कांदोळीत व्हिला असलेल्या विजय मल्ल्याच्या बाबतीत भारताला लंडनच्या कोर्टात प्रथमदर्शनी केस दाखवावी लागली, डिसेंबर २०१८ मध्ये ती मान्य झाली आणि एप्रिल २०२० मध्ये तिथल्या हायकोर्टाने त्याचं अपीलही फेटाळलं.

घाई असेल तर आधी तात्पुरती अटक होते, पण ६० दिवसांत रीतसर विनंती आली नाही तर सोडावं लागतं. आणि मॅजिस्ट्रेटने हो म्हटलं तरी तो माणसाला तुरुंगात ठेवून फक्त रिपोर्ट पाठवतो, सोपवायचं की नाही हे शेवटी केंद्र सरकारच ठरवतं.