पॅन ॲम ७३ वेगळं, पॅन ॲम १०३ वेगळं

दर सप्टेंबरात नीरजा भनोतच्या आठवणींचे फॉरवर्ड फिरायला लागले की एखाद्यात तरी लॉकरबी घुसतंच. ‘नीरजाचं विमान स्कॉटलंडवर पाडलं’ इथपासून ‘लॉकरबीच्या अपहरणानंतर सगळीकडे कडक झडती सुरू झाली’ इथपर्यंत काहीही वाचायला मिळतं. नीरजा हवाई सुंदरी होती ती अमेरिकी कंपनी पॅन ॲमच्या ७३ क्रमांकाच्या उड्डाणावर; लॉकरबी या स्कॉटलंडमधल्या गावावर कोसळलं ते त्याच कंपनीचं १०३, आणि तेही बॉम्बमुळे. लॉकरबीत अपहरण झालंच नव्हतं. कंपनी एक, विमानं दोन्हीकडे बोइंग ७४७, दोन्ही उड्डाणं न्यूयॉर्कची, दोन्हींच्या मार्गावर फ्रँकफर्ट, दोन्ही प्रकरणांत लिबियाचं नाव. घोळ व्हायला एवढं पुरे, हे मान्य. पण विमानतळावर आपल्याला जे काही सोसावं लागतं ते कशासाठी, हे कळायचं तर हे दोन आकडे वेगळे ठेवावेच लागतात.

७३ आपल्याकडे पाठ आहे. ५ सप्टेंबर १९८६, मुंबईहून निघून पहाटे कराचीत उतरलेलं विमान, अबू निदाल या पॅलेस्टिनी दहशतवादी संघटनेचे चार बंदूकधारी, कॉकपिटच्या वरच्या झडपेतून निसटलेले वैमानिक, प्रवाशांना बाहेर काढताना मारली गेलेली नीरजा, मरणोत्तर अशोकचक्र. यातला एकच तपशील इथे कामाचा. ते चौघे विमानतळाच्या सुरक्षारक्षकांच्या वेशात, सुरक्षेच्या गाडीसारख्या दिसणाऱ्या गाडीतून थेट विमानाशी आले. प्रवाशांची झडती दुप्पट कडक केली असती तरी ते सापडले नसते, कारण ते प्रवासी नव्हतेच. म्हणजे ७३चं दुखणं कुंपणाचं, पासाचं, विमानाजवळ कोण फिरतंय याचं.

१०३मध्ये, २१ डिसेंबर १९८८ला, एकही दहशतवादी विमानात नव्हता. होती ती फक्त बॅग. लंडनच्या हीथ्रोहून उडाल्यावर ३८ मिनिटांनी, ३१ हजार फुटांवर, पोटातल्या एका ॲल्युमिनियमच्या कंटेनरमध्ये स्फोट झाला. विमानातले २५९ आणि लॉकरबी गावातले ११ जण गेले. तोशिबाच्या रेडिओ-कॅसेट प्लेअरमध्ये सेमटेक्स हे प्लास्टिक स्फोटक, तो प्लेअर सॅमसोनाइटच्या तपकिरी सुटकेसमध्ये, भोवती माल्टातल्या दुकानातून घेतलेले कपडे. स्कॉटिश न्यायालयाने ग्राह्य धरलेला प्रवास असा: माल्टाहून फ्रँकफर्ट, तिथून जोडविमानाने हीथ्रो, तिथे १०३. या साखळीबद्दल वकील आजही भांडतात. पण तिच्यात एका गोष्टीची उणीव आहे आणि खरा मुद्दा तोच: या सुटकेससोबत प्रवास करणारा माणूसच नव्हता.

लोक गडबडतात ते इथेच. बॅग तपासणं आणि बॅगेचा तिच्या मालकाशी मेळ घालणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. पहिलं काम विचारतं, आत काय आहे? दुसरं विचारतं, हिचा धनी विमानात बसलाय का? फ्रँकफर्टला पॅन ॲमने दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांतून आलेल्या बॅगांचा मेळ घालणं सोडून त्या नुसत्या एक्सरेखालून काढायला सुरुवात केली होती. अमेरिकी विमान प्रशासनाने तशी तोंडी सूट दिल्याचं कंपनी सांगत राहिली. प्रशासनाने ते नाकारलं. ऐंशीच्या दशकातल्या एक्सरेवर रेडिओत भरलेलं प्लास्टिक स्फोटक रेडिओसारखंच दिसायचं. मेळ घालायला मात्र कसलंही यंत्र लागत नाही. यादी लागते, आणि विमान थांबवायची तयारी.

माझी चीड अशी की हे सगळं तीन वर्षं आधी कळून चुकलं होतं, तेही आपल्या माणसांच्या जिवावर. २३ जून १९८५ला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान बॅगेतल्या बॉम्बने आयर्लंडजवळ समुद्रात कोसळलं, ३२९ माणसं गेली. (त्यालाही ‘अपहरण’ म्हणणारे भेटतात. त्यांना साष्टांग नमस्कार.) व्हँकुव्हरच्या काउंटरवर ‘एम. सिंग’ नावाने आलेल्या माणसाचं टोरांटोपर्यंतचं तिकीट पक्कं होतं, एअर इंडियाचं वेटिंगवर. नियमाने त्याची बॅग पुढे थेट पाठवायला नको होती. तो हटून बसला, मागे रांग वाढत होती, शेवटी बॅग घेतली गेली. तो स्वतः विमानात चढलाच नाही. टोरांटोत एक्सरे यंत्र बंद पडलं आणि हातातल्या उपकरणावर भागवलं. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर दुसरी तशीच बॅग फुटून सामान हलवणारे दोन कर्मचारी गेले. तिचाही मालक विमानात नव्हता. यानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने आपल्या १७व्या परिशिष्टात मेळाचं कलम घातलं. आपल्याकडे १ एप्रिल १९८७ला नागरी विमान सुरक्षा ब्यूरो स्वतंत्र खातं झालं. पूर्वी विमानात चढण्याआधी ओळीने मांडलेल्या बॅगांतून आपली दाखवायला लागायची ते याच जातीचं काम. न दाखवलेली बॅग खालीच राहायची. गैरसोयीचं होतं, पण मला अजूनही ती पद्धत झकास वाटते.

मेळ घातला की झालं, असंही नाही. मालक स्वतः मरायला तयार असेल किंवा त्याला बॅगेत काय आहे ते माहीतच नसेल, तर मेळ अगदी बरोबर लागतो. एप्रिल १९८६मध्ये हीथ्रोवर एका गरोदर आयरिश तरुणीच्या बॅगेत तिच्या प्रियकराने बॉम्ब दडवला होता. एल अल या इस्रायली विमान कंपनीच्या माणसांनी प्रश्न विचारून तो बॉम्ब पकडला. ‘बॅग तुम्हीच भरलीत का?’ या प्रश्नाला हसणाऱ्यांनी ही गोष्ट वाचावी.

बाकीच्या नियमांची मुळं वेगळी. बूट काढायला लावू लागले ते डिसेंबर २००१च्या बुटातल्या बॉम्बमुळे, १०० मिलिलिटरच्या बाटल्या आल्या त्या २००६च्या लंडनच्या कटामुळे, आणि आपल्या विमानतळांवर सीआयएसएफ आलं ते कंदाहारनंतर. कर्मचाऱ्यांचे पास तपासणं हे ७३च्या बाजूचं काम. ‘एक प्रवासी न आल्याने त्यांचं सामान उतरवत आहोत’ ही घोषणा मात्र निखळ कनिष्क-लॉकरबीची. ती ऐकून ‘एका माणसापायी सगळ्यांना ताटकळत ठेवलं’ म्हणून हवाई सुंदरीवर खेकसणारे मला सहन होत नाहीत.

जुलै १९९२मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने पॅन ॲमला हेतुपुरस्सर गैरवर्तनाबद्दल दोषी ठरवलं. तोपर्यंत कंपनी बंद पडून सात महिने झाले होते.