शिफ्ट आणि कंट्रोल: ‘इथून तिथपर्यंत’ आणि ‘हा, तो आणि तो’

आमच्या ऑफिसातले अकाउंट्सचे सर परवा सदतीस मेल डिलीट करायला बसले होते. डावीकडची चौकट, टिक. खालची चौकट, टिक. म्हटलं, “सर, पहिल्यावर टिक करा, शिफ्ट दाबून धरा आणि थेट शेवटच्यावर टिक करा.” मधले सगळे मेल एका झटक्यात निवडले गेले. सर क्षणभर गप्प. मग म्हणाले, “मी कंट्रोल दाबून बघितलं होतं. काही झालं नाही.”

होणारही नाही. दोन्ही बटणं एकाच कोपऱ्यातली, दोन्ही दाबूनच धरायची, पण कामं निराळी. कंट्रोल म्हणजे टोमॅटो निवडणं: हा घेतला, तो घेतला, हा नको, परत टाकला. शिफ्ट म्हणजे कापडवाल्याला “इथून इथपर्यंत” सांगणं. (मॅकवर कंट्रोलचं हे काम कमांड करतं; तिथे कंट्रोल-क्लिक केलं तर मेनू उघडतो.)

शिफ्टला कुठून मोजायचं हे माहीत असावं लागतं. ही सुरुवातीची खुंटी स्क्रीनवर दिसत नाही, आणि खरी अडचण तिचीच आहे. विंडोजच्या फोल्डरमध्ये पाचव्या फोटोवर क्लिक केलंत, शिफ्ट धरून विसाव्यावर केलंत. जास्त झाले म्हणून शिफ्ट धरूनच पंधराव्यावर केलंत, तर 5 ते 15 उरतात. खुंटी पाचवरच राहिली, टोक तेवढं सरकलं. आता कंट्रोल धरून चाळिसाव्यावर क्लिक करा: आधीचे तसेच राहतात, पण खुंटी गुपचूप चाळीसवर जाते. मग नुसती शिफ्ट धरून पन्नासाव्यावर गेलात की 40 ते 50 येतात आणि आधीचे अकरा सुटतात. तेही हवे असतील तर कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही धरायची. हे कुणाला आपोआप कसं सुचावं?

कंट्रोलचा त्रास वेगळा. क्लिक करताना माउस जरा घसरला की विंडोजला वाटतं तुम्ही फाइल ओढताय, आणि निवडलेल्या सगळ्यांच्या कॉप्या त्याच फोल्डरमध्ये पडतात.

डिझायनरांनी कंट्रोल मात्र केव्हाच उघड्यावर आणलाय. टिक करायची चौकट म्हणजे तोच. विंडोजच्या फोल्डरमध्येही ‘व्ह्यू’मधून अशा चौकटी चालू करता येतात. पण माझ्या मते चौकटीने शिफ्ट आणखीच झाकली. डोळ्यासमोर एक रस्ता दिसला की माणूस दुसरा शोधत नाही, सदतीस वेळा टिक करत बसतो.

कॉम्प्युटरवरच्या गूगल फोटोजमध्ये निम्मं उत्तर सापडतं. एक फोटो निवडून शिफ्ट धरली आणि माउस पुढे नेला, की मधले फोटो क्लिक करायच्या आधीच रंगतात. खुंटी कुठे, टोक कुठे, लगेच कळतं. पण शिफ्ट धरायची हे आधी ठाऊक हवंच.

म्हणून शिफ्टची सूचना द्यावीच लागेल. पण मी ती पहिल्या दिवशीच्या स्वागताच्या खिडक्यांत ठेवणार नाही, त्या सगळेच बंद करतात. लागोपाठ तीन चौकटींवर टिक झाली की चौथ्या चौकटीशेजारी बारीक अक्षरांत एक ओळ: “शिफ्ट धरून शेवटच्यावर टिक करा, मधले सगळे येतील.” एकदा वापरलं की ओळ कायमची गायब.