सैनिक कल्याण विभागाची फेररचना : खर्च नेमका कोणाच्या खात्यावर?

सैनिक कल्याणाच्या यंत्रणेचा आकृतिबंध, म्हणजे कुठे किती पदे असावीत याचा आराखडा, बदलायचा विषय निघाला की बचतीचा आकडा लगेच पुढे केला जातो. तो आकडा खरा किती, हे समजायला खर्चाची वाटणी कशी ठरली ते पाहावे लागते.

यंत्रणा जुनी आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या शिपायांचे काय करायचे, या प्रश्नातून १९१९ मध्ये केंद्रात मंडळ आले, आजचे केंद्रीय सैनिक मंडळ. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एका गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले होते, यावरून आपल्याकडे तो प्रश्न किती घरांचा होता ते कळते. पुढे १९५१ आणि १९७५ मध्ये मंडळाचे नाव बदलले. राज्याराज्यांत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत त्याच्या शाखा झाल्या. महाराष्ट्रात हे काम पुण्यातून चालणाऱ्या शासनाच्या सैनिक कल्याण विभागाकडे राहिले.

खरा गुंता वाटणीचा. आस्थापना खर्चात केंद्र आणि राज्य आधी निम्मे-निम्मे भागीदार होते. नंतर बहुतेक राज्यांसाठी केंद्राचा वाटा ६० टक्के झाला, विशेष दर्जाच्या राज्यांसाठी ७५. ऐकायला हे राज्याच्या सोयीचे वाटते आणि बऱ्याच अंशी आहेही. पण केंद्राचा वाटा मान्य पदे आणि कार्यालयीन खर्च यांच्यापुरता आहे. पैसे आधी राज्याने घालायचे, मग हिशेब पाठवून प्रतिपूर्ती मागायची. निकषांपलीकडे एखादे पद राज्याने निर्माण केले, तर त्याचा पगार पूर्ण राज्याचा.

पदकपातीचे गणित इथेच फसते. जिल्हा कार्यालयातले मान्य पद रिकामे ठेवले, तर वाचलेल्या शंभर रुपयांतले राज्याच्या तिजोरीत चाळीसच राहतात. उरलेले साठ केंद्राकडून यायचेच थांबतात. वित्त विभागाच्या टिपणीत मात्र शंभरच्या शंभर बचत म्हणून मांडायचा मोह होतो. माझ्या मते फेररचनेच्या चर्चेतली सर्वांत महागडी चूक हीच आहे, कारण पहिली कात्री जिल्ह्यातल्या माणसांवर चालते.

आणि त्या माणसांचे काम वाढलेच आहे. सैनिकांचे निवृत्तिवेतन ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर गेल्यापासून हयातीचा दाखला, बँक खाते, नावातली दुरुस्ती हे सगळे ऑनलाइन झाले. पीपीओवर (निवृत्तिवेतनाच्या आदेशावर) पत्नीचे नाव ‘सुमन’ आणि आधारवर ‘सुमनबाई’ असेल, तर ती वीरपत्नी किंवा विधवा तालुक्याहून जिल्हा कार्यालयात येते. तिथे कल्याण संघटक बसून रेकॉर्ड ऑफिसला (सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाला) पत्र लिहितो, सोबत कोणती कागदपत्रे जोडायची ते सांगतो. २०२४ मध्ये गट-क ची ६२ पदे जाहीर झाली, त्यातली ४० कल्याण संघटकांची होती. एवढी पदे एकदम भरावी लागली, म्हणजे आधी किती काळ ती रिकामी राहू दिली, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

वसतिगृहांचा हिशेब आणखी वेगळा. सैनिकांच्या मुला-मुलींसाठी जिल्ह्यांत चालणाऱ्या वसतिगृहांत स्वयंपाकी, पहारेकरी, सहायक अधीक्षिका ही पदे बऱ्याचदा ‘अशासकीय’ असतात : एकत्रित मानधन, वेतनश्रेणी नाही. अर्थसंकल्पात ती पगाराच्या ओळीत दिसत नाहीत. म्हणून आकृतिबंधाचा अभ्यास करताना त्यांना कोणी मोजतच नाही. चोवीस तास मुलींच्या वसतिगृहात राहणाऱ्या बाईचे काम मात्र कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्याइतकेच कायम आहे.

रोजगाराची बाजू २००२ मध्ये माजी सैनिकांच्या महामंडळाकडे गेली. सुरक्षारक्षक पुरवायचे, सेवाशुल्कावर चालायचे, तिजोरीवर भार नाही, अशी ती कल्पना होती. चांगली होती. पण २०१० च्या कायद्याने राज्याचे स्वतःचे दुसरे सुरक्षा महामंडळ उभे राहिले आणि कंत्राटांसाठी स्पर्धक घरातच तयार झाला. माजी सैनिकांच्या महामंडळाचे सेवाशुल्क घटले की माजी सैनिकाची नोकरी घटते, आणि तो पुन्हा जिल्हा कार्यालयाच्या दारात नोंदणीसाठी येतो. हा खर्च कोणत्याच लेखाशीर्षाखाली मांडला जात नाही.

अलीकडच्या निर्णयांनी चित्र आणखी विस्कटले. हुतात्म्यांच्या कुटुंबांची मदत २०१९ मध्ये एक कोटीवर गेली, ती योग्यच होती. २०२० मध्ये माजी सैनिकांना आणि सैनिक विधवांना मालमत्ता करात माफी जाहीर झाली. घोषणा राज्याची, पण घटणारी वसुली ग्रामपंचायतीची आणि महापालिकेची. माफीचा अर्ज घेऊन माणूस आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातच दाखल्यासाठी येतो. प्रत्येक नव्या योजनेबरोबर दाखले देणारी, पडताळणी करणारी माणसे वाढायला हवी होती. आकृतिबंधाचा नवा मसुदा करताना निदान एवढे व्हावे : प्रत्येक पदापुढे केंद्राची प्रतिपूर्ती किती, राज्याचा निव्वळ भार किती, हे दोन रकाने छापले जावेत.