रुपये-खुर्द्याची गणती : युद्धकैद्यांच्या परतीची पार्श्वभूमी

पानिपतचा निकाल नानासाहेब पेशव्यांना भेलशाच्या मुक्कामी कळला, तोही एका सावकारी पत्रातून. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हे वाक्य अजून पाठ असते. भेलसा म्हणजे आजची विदिशा, ग्वाल्हेरहून दक्षिणेला एका दिवसात जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर. मोत्ये कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि मोहरांची नावेही बखरी-पत्रांतून काढता येतात. खुर्द्याची यादी मात्र कोणी केली नाही. युद्धकैदी परततो तेव्हा लोक त्याला हार घालतात की त्याच्याकडे संशयाने पाहतात, हे बरेचसे युद्धाच्या निकालावर ठरते. तो परततो की नाही, हे मात्र तो कैदेत असताना त्याचे नाव कोणी कुठे लिहून ठेवले होते यावर ठरते.

१४ जानेवारी १७६१ च्या संहारातून वाचलेल्यांना भरतपूरच्या सूरजमल जाटाने अन्न, कपडे आणि सोबत दिली. तिथून ते ग्वाल्हेरला पोचले. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई आल्या, मल्हारराव होळकर आले, विंचूरकर आले. आजच्या ग्वाल्हेरचा ‘लष्कर’ हा भाग तेव्हा वसलेला नव्हता, तो दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये वसवला. पण उत्तरेकडून परतणाऱ्या मराठ्यांसाठी पहिला निर्धास्त मुक्काम हाच. महादजी शिंदे पाय कायमचा अधू होऊन वाचले ते राणेखान भिश्त्यामुळे. जनकोजी शिंदे कैद झाले आणि कैदेतच मारले गेले. हाती लागलेल्या हजारो पुरुषांची दुसऱ्या दिवशी कत्तल झाली, बायका-मुले गुलाम म्हणून नेली गेली.

खुद्द भाऊसाहेबांच्या मृत्यूची खूणही पक्की नव्हती. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताच्या वृत्तांतानुसार धड आधी सापडले, शिर नंतर. एवढी फट पुरली. पार्वतीबाईंनी सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत, आणि काही वर्षांत भाऊसाहेब म्हणून एक इसम उभा राहिला. बुंदेलखंडातला कनोजी ब्राह्मण, नाव सुखनिधान. माधवरावांच्या कारकिर्दीत त्याची चौकशी होऊन त्याला किल्ल्यावर डांबले गेले. १७७६ मध्ये तो रत्नागिरीहून सुटला आणि पाहता पाहता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. किल्लेदार सगळेच फसले असे मानणे भोळेपणाचे ठरेल, काहींना पुण्याच्या कारभाऱ्यांवर उगवण्यासाठी निमित्त हवे होते. पण ज्या सामान्य माणसांनी त्याच्या नावाने जयजयकार केला त्यांच्यापैकी अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी पंधरा वर्षे परतले नव्हते. भाऊ परततात तर आपलाही परतेल, हा त्यामागचा हिशेब. महादजींच्या फौजेने त्याचा मोड केला, पुण्यात पंचांपुढे ओळख तपासली गेली आणि त्याच वर्षी त्याला देहान्त शासन झाले. ‘तोतयाचे बंड’ म्हणून आपण त्याची गोष्ट रंगवून सांगतो. माझ्या मते ते न केलेल्या यादीचे व्याज होते.

आजची यादी एका पुठ्ठ्याच्या कार्डापासून सुरू होते. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या जोडपत्रात त्याचा नमुना आहे, आकार १५ × १०.५ सेंटिमीटर. कैद्याला छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत ते भरू द्यायचे : एक घरी जाते, एक जिनिव्हाच्या मध्यवर्ती शोधसंस्थेकडे. विचारल्यावर सांगणे बंधनकारक आहे ते फक्त नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिकी क्रमांक. त्याच करारात महिन्याला किमान दोन पत्रे व चार कार्डे पाठवण्याची मुभा आहे (कलम ७१), लढाई थांबल्यावर विलंब न लावता सोडण्याची सक्ती आहे (कलम ११८), आणि कैद्याला अपमानापासून व लोकांच्या बघेगिरीपासून जपण्याची सक्ती आहे (कलम १३).

बिघडते ते बहुतेक वेळा कार्डाच्या आधीच. वैमानिक शत्रूच्या गावावर उतरतो आणि आधी जमावाच्या हाती लागतो. जखमी माणूस एका तुकडीकडून दुसरीकडे जाताना ओळखबिल्ला हरवतो. ऐकून लिहिणारा कारकून नावाचे भलतेच काही करतो. विजय वसंत तांबे हे याचे सगळ्यात बोचरे उदाहरण. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानी वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली, त्यात फ्लाइट लेफ्टनंट ‘टोम्बे’ असे नाव होते. अधिकृत यादीत ना तांबे आले, ना टोम्बे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्यांनी पुढची अनेक दशके या एका नावाचा पाठपुरावा केला.

निकालावर स्वागत कसे ठरते ते पाहायला १९४५-४६ सारखा काळ नाही. सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ ला पडले, चाळीस हजारांवर हिंदी सैनिक जपान्यांच्या हाती गेले, त्यातले बरेच आझाद हिंद सेनेत गेले. परतीच्या वेळी इंग्रजांनी सर्वांची तीन रंगांत वाटणी केली. ‘पांढरे’ म्हणजे निष्ठा न सोडलेले, त्यांना नोकरी व थकलेला पगार. ‘करडे’ म्हणजे दबावाखाली गेलेले, त्यांना बहुधा सेवामुक्ती. ‘काळे’ म्हणजे मनापासून गेलेले, त्यांना बडतर्फी, पगारजप्ती, काहींवर खटला. लोकांनी मात्र हा तक्ता उलटा वाचला. ५ नोव्हेंबर १९४५ ला लाल किल्ल्यात खटला उभा राहिला तसा ‘लाल किले से आई आवाज़, सहगल ढिल्लों शाहनवाज़’ हा घोष गावोगाव गेला आणि ३ जानेवारी १९४६ ला तिघे सुटले. त्यातले गुरुबक्षसिंग ढिल्लों पुढे आपल्या शेजारी, शिवपुरीजवळ हातोदला शेती करत राहिले. २००६ मध्ये वारले. या जल्लोषात ‘पांढऱ्यां’ची कोणी दखल घेतली नाही. आझाद हिंद सेनेत जायचे नाकारून न्यू गिनीच्या जंगलात मजुरी करत राहिलेले लोक हाडांचे सापळे होऊन परतले, आणि त्यांच्यासाठी मिरवणूक निघाली नाही.

हाडांच्या सापळ्यावरून एक व्यवहाराची गोष्ट. फार काळ उपाशी राहिलेल्या माणसाला घरी आल्या आल्या पुरणपोळीचे ताट वाढणे जिवावर बेतू शकते. अचानक आलेल्या पिष्ट-साखरेमुळे रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरते, हृदयाची लय बिघडते. जपानी छावण्यांतून सुटलेल्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिले. म्हणून आधी थोडी थोडी पेज, मग मऊ भात, आणि सोबत रक्ताची तपासणी. माउलीच्या मायेला हे पटत नाही, पण परतलेल्याला आधी रुग्णालयात नेतात त्याचे हे एक कारण.

घरी जायचेच नाही म्हणणारे कैदीही असतात, हे जगाला १९५३ मध्ये कोरियात कळले. मायदेशी परतायला नकार देणारे २२ हजारांहून अधिक कैदी सांभाळण्याचे काम भारतीय फौजेकडे आले, तिचे सेनापती होते मेजर जनरल शंकरराव थोरात. कोणाच्याच बाजूला न जाणारे शेवटी ८८ उरले, ते भारतीय फौजेबरोबर भारतात आले.

१९६२ च्या युद्धानंतरचे परतणे थंड होते. चीनने सुमारे ३,९०० जण पकडले होते. आजारी-जखमी डिसेंबरपासून सुटू लागले, बाकीचे बहुतेक १९६३ च्या एप्रिल-मेमध्ये. आताच्या अरुणाचलातल्या नामका चू नदीवर लढलेल्या ब्रिगेडचे ब्रिगेडियर जॉन दळवी मे १९६३ मध्ये परतले. सोडण्याआधी चिन्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांना आपली शहरे हिंडवून दाखवली होती. झाले, तेवढ्यावरून इकडे ‘डोके फिरवून तर पाठवले नाही ना’ ही शंका. रांची-रामगढ भागात चौकशा झाल्या. पराभव वरच्यांच्या निर्णयांनी झाला होता, पण समोर उभे होते ते हेच लोक, आणि संशय त्यांच्या वाट्याला आला. १९६५ मध्ये फील्ड मार्शल करिअप्पांचा वैमानिक मुलगा पाकिस्तानात पकडला गेला; अयूब खानांनी जुन्या ओळखीखातर सोडण्याची तयारी दाखवली, तेव्हा सगळेच कैदी माझे मुलगे आहेत असे म्हणत करिअप्पांनी ती सवलत नाकारली. ताश्कंद करारानंतर तो बाकीच्यांसारखाच परतला.

१९७१ चे गणित दोन खात्यांचे होते, आणि ते एकत्र केल्यामुळे आजही घोळ होतो. पूर्वेकडे १६ डिसेंबरला शरण आलेले सुमारे ९३ हजार, त्यांत नागरिकही होते. ते भारत-बांगलादेशाच्या संयुक्त सेनेपुढे शरण आले असल्याने बांगलादेशाच्या संमतीशिवाय त्यांना सोडणार नाही, ही भारताची भूमिका. आग्रा, जबलपूर अशा छावण्यांत ते राहिले. २८ ऑगस्ट १९७३ चा दिल्ली करार झाल्यावर १९ सप्टेंबरपासून गाड्या सुटू लागल्या, आणि जनरल नियाझी ३० एप्रिल १९७४ ला वाघा ओलांडून गेलेले शेवटचे. तिकडे त्यांच्या वाट्याला बडतर्फी आली.

पश्चिम आघाडीचे खाते वेगळे. तिथे दोन्हीकडे काहीशे कैदी होते आणि बांगलादेशाचा संबंध नव्हता, तरी अदलाबदलीला १ डिसेंबर १९७२ उजाडला. भारताकडे सहाशेच्या वर जवान-अधिकारी वाघ्यावरून परतले. त्यात हवाई दलाचे दिलीप पारूळकर होते. १२-१३ ऑगस्टच्या रात्री ते ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या सोबत्यांसह रावळपिंडीच्या छावणीची भिंत पोखरून निसटले, पेशावरमार्गे अफगाण सीमेजवळ लंडीकोतलपर्यंत पोचले. तिथे त्यांनी लंडीखाना स्थानकाचा रस्ता विचारला. ते स्थानक १९३२ पासून बंद होते. जुन्या नकाशावरचे एक नाव, आणि तिघे पुन्हा कोठडीत! या वेळचे स्वागत मात्र १९६३ च्या अगदी उलट, हारतुरे आणि गर्दी. कैद तीच, काही बाबतींत अधिक खडतर. फरक एवढाच की युद्ध जिंकलेले होते.

त्या गर्दीत काही घरांना आपला माणूस दिसला नाही. १९७९ मध्ये संसदेत अशा बेपत्तांची यादी मांडली गेली, ती पुढे ५४ नावांची झाली. पुढे सरकारी उत्तरांत बेपत्ता सैनिकांचा आकडा या ५४ सह ८३ झाला. २००७ मध्ये १४ नातेवाईक पाकिस्तानी तुरुंग पाहून आले, हाती काही लागले नाही. पाकिस्तानचे म्हणणे, असे कोणी आमच्याकडे नाही. घरच्यांपुढचा पेच कायद्याचाही असतो : जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ नुसार (जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १११) सात वर्षे खबर नसलेला माणूस मृत धरता येतो. मृत धरले तर कुटुंब निवृत्तिवेतन आणि मालमत्ता मार्गी लागते, आणि शोध मागण्याचा हक्क मनातून तरी ढिला पडतो. पार्वतीबाईंचाच पेच, फक्त आता अर्जाच्या तीन प्रतींत.

महाराजपुऱ्याच्या विमानतळामुळे ग्वाल्हेरचा या विषयाशी ताजा संबंधही आहे. १९९९ मध्ये कारगिलवर इथली मिराज विमाने वापरली गेली. २७ मे रोजी मिग-२७ चे इंजिन बंद पडून उतरलेले फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता पकडले गेले आणि आठवड्याभरात रेडक्रॉसमार्फत परतले; तेव्हा त्यांच्या स्वागताला पंतप्रधान म्हणून होते ते याच शहराचे वाजपेयी. पत्रकारांच्या घोळक्यात कैदी ताब्यात घ्यायला भारताचे उच्चायुक्त पार्थसारथी यांनी नकार दिला होता. बघेगिरीचे कलम १३ त्यांनी नीट वाचले होते म्हणायचे. २६ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे बालाकोटवर गेलेली मिराज इथलीच. दुसऱ्या दिवशी विंग कमांडर अभिनंदन पकडले गेले आणि ते कलम मोबाइलवरच्या चित्रफितींनी तासाभरात धाब्यावर बसवले.

१ मार्चला अटारीवर सकाळपासून ढोल होते. हस्तांतर रात्री नऊनंतर झाले, आणि गर्दीसमोर न थांबता गाड्या अमृतसरकडे निघाल्या. अनेकांचा हिरमोड झाला, पण क्रम तोच असतो. आधी ओळख पटवून ताबा. मग नखशिखान्त तपासणी, त्यात पाठीच्या कण्याचे एमआरआय, कारण विमानातून आसनासह उडताना कणा दबतो. मग सविस्तर जबाब : काय विचारले, काय सांगितले, तिथे आणखी कोण दिसले. शेवटचा प्रश्न नातेवाइकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा, कारण बेपत्तांची खबर बहुधा परतलेल्याच्या तोंडूनच येते. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञ, विमान का पडले याची चौकशी, रजा, आणि वैद्यकीय मंडळाने पास केले तरच पुन्हा उड्डाण. अभिनंदन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परत उडू लागले. मिशा तोवर सलूनच्या पाट्यांवर पोचल्या होत्या.

हेरगिरीच्या आरोपाखाली किंवा चुकून हद्द ओलांडल्याने पकडलेले लोक युद्धकैदी नसतात, त्यांना वरची कलमे लागू होत नाहीत. त्यांच्यासाठी २००८ चा वेगळा करार आहे, त्यानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. मच्छीमारांची संख्या असते, नागरिकांची असते. सोबतच्या निवेदनात भारत बेपत्ता सैनिकांच्या सुटकेची मागणी करतो. पलीकडून आलेल्या यादीत सैनिकांचा रकाना नसतो.